चाचांचा वडीलधारा

दुबईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून तुर्कस्तानवर जीव टाकणारा एकच माणूस त्या काळी होता, आणि तो जन्मला होता रत्नागिरीकडच्या एका बंदरगावात. तुर्कस्तान त्याने पाहिलेला नव्हता. एकदा मी नकाशा पुढे धरून विचारलं, तर त्याने मोठ्या विश्वासाने इराणवर बोट ठेवलं. मी ते बोट हळूच डावीकडे वर सरकवलं. "असू दे," तो म्हणाला. "इथपर्यंत पोचलो की पुढचं कोणपण सांगेल."

हे आमचे गोदामवाले चाचा. तिशीतच केस पांढरे झाल्यामुळे सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. मी सांगतो आहे त्या दिवसांत, म्हणजे साठ सालानंतर थोड्याच वर्षांत, ते चाळिशीचे होते आणि बिनलग्नाचे होते. खाडीच्या देरा नावाच्या काठाला आमच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं, त्यात दोरखंड, रंगाचे डबे, खिळे आणि लाँचच्या इंजिनांचे सुटे भाग असत. त्या सगळ्याची चावी चाचांच्या कमरेला. मी तिथे कारकून. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.ए.चं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून मी बोटीतून उतरलो, तेव्हा झोपायला जागा नव्हती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. चाचांनी माझं शिक्षण विचारलं नाही, जातपात विचारली नाही. "जेवलास?" एवढंच विचारलं, आणि गोदामामागच्या खोलीत स्वतःच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली. पुढे जी थट्टा लिहिणार आहे ती अशा माणसाची आहे, हे आधी सांगून ठेवतो.

चाचांना तुर्कस्तानची बाधा रेडिओतून झाली. बॅटरीवरचा एक जुना रेडिओ त्यांच्याकडे होता. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की ते त्याचं बटण इतकं हळू फिरवत, की एखादा हकीम नाडी बघतोय असं वाटावं. खरखर, मग अरबी बातम्या, मग पुन्हा खरखर, आणि त्यातून अचानक लांब दांड्याच्या वाद्याचा सूर यायचा. चाचा हात वर करायचे. त्या हाताचा अर्थ असा, की आता खोलीत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. एका जहाजावरच्या खलाशाने फुटकं म्हणून सोडून दिलेलं तसलंच एक वाद्य, साज, त्यांनी सरसाने चिकटवून घेतलं होतं. ते वाजवायला त्यांनी नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून घासून पातळ केला होता.

गाणी शिकायची पद्धत अशी: रेडिओ गाणार, चाचा वाजवणार, आणि मी ऐकू येतील तसे शब्द देवनागरीत वहीत उतरवणार. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, चाचांनाही कळत नव्हता. तरी एका गाण्याला त्यांचे डोळे दर वेळी भरून यायचे. "विरह हाय रे, बीए," ते म्हणायचे. मला ते बीए म्हणत, जणू ते माझं नावच. त्या गाण्यात एक मुलगी आईला म्हणते, की आज पाणी आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठव, हे आम्हाला फार पुढे कळलं.

पण खरी गंमत निराळीच. रेडिओवरचं स्टेशन ऐन गाण्यात मध्येच बुडायचं आणि चार-पाच क्षणांनी वर यायचं. चाचा त्या जागी थांबायचे, डोळे मिटायचे, मान खाली घालायचे आणि स्टेशन परत आलं की पुढची ओळ उचलायचे. रेडिओ बंद असतानाही ते बरोबर त्याच जागी थांबत. वहीतही मला तिथे जागा सोडायला लावत.

एकदा मी धीर करून म्हणालो, "चाचा, तिथे गवई थांबत नाही. लहरी जातात हो. स्टेशन जातं."

"तू बीए हायस, गवई नायस," चाचा म्हणाले. "मोठी माणसं हायत ती. दुःख फार झालं की गप बसतात. आपल्यासारखं बोंबलत नाय."

पोशाखही तुर्की. त्यांच्या आजोबांची लाल तुर्की टोपी, काळ्या गोंड्याची, आमच्याकडे कोकणात लग्नात मिरवायचे तसली, त्यांनी गावाहून आणवली होती. चहा छोट्या काचेच्या पेल्यातून, बिनदुधाचा. तो पिताना त्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा व्हायचा. मग मी कामाला गेलो की ते मागच्या चुलीवर दुधाचा, वेलची घातलेला चहा करून घेत. मला कळत होतं, मी कधी बोललो नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना एका सकाळी गोदामात एक म्हातारा कारागीर आला. लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याला तांब्याच्या चकत्या हव्या होत्या. चाचांनी त्या पुढे केल्या आणि म्हातारा पुटपुटत मोजू लागला, "बिर, इकी, उच..."

चाचांच्या हातातला डबा खाली पडला. खिळे चहूकडे. हे आकडे ते चार वर्षं रेडिओवर ऐकत होते.

"तुर्क?" त्यांनी विचारलं.

"तुर्क," म्हातारा म्हणाला. असं विचारताना रडणारा गोदामवाला त्याने पूर्वी पाहिला नसावा.

त्यानंतर चाचा दर शुक्रवारी त्याच्या घरी जाऊ लागले. म्हाताऱ्याबरोबर त्याची विधवा मुलगी राहायची, पस्तिशीची, शेजारणींचे कपडे शिवणारी. बापलेक दोघांनाही बऱ्यापैकी अरबी येत होतं, चाचांना बाजारातलं येत होतं. तिने चाचांच्या साजाला खोळ शिवून दिली. चाचांनी तिला मशीनचं तेल नेऊन दिलं. सहा महिन्यांत एवढंच घडलं. पण चाचा गोदामात गुणगुणत माल मोजू लागले आणि मोजणी चुकू लागली, तेव्हा मी काय ते ओळखलं.

मग एका शुक्रवारी ते लवकर परत आले आणि टोपी न काढता खाटेवर बसले.

"खलास," म्हणाले. "म्हाताऱ्याचं काम संपलं. वीस दिवसांनी दोघं आपल्या गावी चालली. बसऱ्यापर्यंत बोटीनं, पुढं रेल्वेनं."

"मग विचारा ना तिला."

"तिला कसं विचारू? आमच्यात लग्नाचा पैगाम घेऊन वडीलधारा जातो. बाप, चाचा, मामू. स्वतः नवरा गेला तर लाज जाते." त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली. "तू जाशील?"

"मी? चाचा, मी तेवीस वर्षांचा आहे. आणि मी तर हिंदू."

"शिकलेला हायस. शिकलेला माणूस बोलला की लोक आयकतात. इथं माझं दुसरं कोण हाय?"

आठ दिवस मी अरबी भाषण पाठ केलं. माझ्या परीक्षांनाही मी इतका घाबरलो नव्हतो. मी चुकलो तर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य त्याच गोदामात जाणार होतं. शेवटी तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. पुढे मी, हातात मस्कती हलव्याचं ताट, मागे पांढऱ्या केसांचे चाचा, लाल टोपी, काखेत साज.

म्हाताऱ्याने दार उघडलं आणि तो टोपीकडेच बघत राहिला.

"हे काय?"

"तुर्की टोपी," चाचा अभिमानाने म्हणाले.

"अरे, मी पोरगा होतो तेव्हाच आमच्या सरकारने हिच्यावर बंदी घातली! ही घालून आमच्या गावात उतरलास तर पोलीस धरतील."

चाचांनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे माझ्या हातात दिली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात टोपी, अशा अवस्थेत मी भाषण सुरू केलं. तिसऱ्या वाक्यात अडकलो, पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडकलो. उरलेलं हिंदीत सांगितलं. "ये बहुत अच्छा आदमी है," एवढंच शेवटी उरलं.

आतल्या खोलीचा पडदा स्थिर होता. मग म्हाताऱ्याने साजाकडे बोट केलं. "वाजव."

चाचांनी त्यांचं विरहाचं गाणं घेतलं. दोन ओळी झाल्या. मग ते थांबले, डोळे मिटले, मान खाली घातली. म्हाताऱ्याला वाटलं तार तुटली. तो वाकून बघायला लागला, तेवढ्यात चाचांनी पुढची ओळ उचलली. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबले. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या हलव्याकडे पाहिलं. सगळं हातचं गेलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या वेळी चाचा थांबले आणि पडद्याआडून ती रेडिओने बुडवलेली ओळ आली. बारीक, किंचित हसणाऱ्या आवाजात, पूर्ण ओळ. चाचांनी डोळे उघडले. ते वाजवायचं विसरले.

"वाजव ना," पडद्याआडून अरबीत आवाज आला. "पुढचं तुला येतं."

त्यांनी वाजवलं. जिथे जिथे ते थांबले, तिथे तिथे तिने गायलं. गाणं संपेपर्यंत म्हातारा दाराबाहेर बघत बसला होता. मग त्याने ताट माझ्या हातातून घेतलं आणि हलव्याचा एक तुकडा तोंडात टाकला.

"ती इथे राहणार नाही," तो म्हणाला. "माझ्याबरोबर येईल. तू येशील?"

"येतो," चाचा म्हणाले. इतक्या लगेच, की विचार करायला वेळ घ्यावा असं मलाच वाटलं.

निकाह पुढच्याच आठवड्यात झाला. मी खजूर वाटले. चाचांनी गोदामाची चावी मालकाच्या हाती दिली, आणि एका सकाळी खाडीच्या धक्क्यावर मी तिघांना सोडायला गेलो. बापलेक आधी होडीत बसली. चाचा बसता बसता मागे वळले, माझ्यापुढे आले आणि चाळीस वर्षांचं ते पांढरं डोकं त्यांनी माझ्यासमोर वाकवलं.

"काय करताय चाचा?"

"नवरा मुलगा निघताना वडीलधाऱ्याची दुवा घेतो," ते म्हणाले. "चल, यल्ला, बोट खोळंबलीय."

माझ्या घरात मी सगळ्यात धाकटा. माझ्यापुढे तोवर कुणीच वाकलं नव्हतं. मी घाबरत घाबरत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणालो. पुढे मी खरोखरच वडीलधारा झालो, भाच्या-पुतण्यांच्या लग्नात कितीदा डोक्यांवर हात ठेवले. पण त्या शब्दांनी तोंडाला कोरड पडली ती त्या एकाच दिवशी. होडी वळली, मोठ्या बोटीकडे गेली, लहान होत गेली. मी धक्क्यावरून परत आलो आणि गोदाम उघडलं. दुपारपर्यंत माझ्या हाताला त्यांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास येत होता. मी हात धुतला नाही.