कायद्यातली बोट

लहान मच्छीमारांना संरक्षण देणारा कायदा आणला म्हणून आमच्या आमदारानं स्वतःचाच सत्कार आमच्या तलावावर ठेवला. मंठ्याहून मंडप आला, खुर्च्या आल्या, बँड आला. आम्हाला मात्र सकाळपासून पाण्यात उतरू दिलं न्हाई. म्हणे, फोटोत घाण दिसते.

भाषणात तो म्हणाला, "ज्याची बोट नोंदलेली, तोच मच्छीमार. तलावावर पहिला हक्क त्याचाच."

आमच्या तलावावर बोट कुणाच्या बापानं पाह्यली होती? माझ्या बापाचा उभा जन्म थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून, हातानं पाणी मारत जाळं टाकण्यात गेला. बापानं गर्दीतून तो ठोकळा दोन्ही हातांनी वर धरून दाखवला. आमदार माइकवरच हसला. "बाबा, ही काय बोट झाली? कायदा म्हणजे कायदा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बेशरमासारख्या.

मंग पंगत बसली. बापानंच आदल्या दिवशी धरलेली मरळ तळून आमदाराच्या ताटात वाढली होती. आमदारानं पहिला तुकडा तोंडाशी नेला, तसा मी त्याच्यासमोर जाऊन उभा राह्यलो.

"ठेवा खाली, साहेब. तुमच्या कायद्यानं ही मरळ कुणी धरलेलीच न्हाई."