वागियेमचं थंड खत

वागियेम माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं तर आधी मला घोटभर पाणी प्यावं लागतं. जावातल्या मेर्बाबू डोंगराच्या उतारावर आम्हा दोघींचे वाफे बांधाला बांध लागून आहेत, त्यामुळे सकाळपासून तीच डोळ्यांसमोर. समुद्राकडच्या गावातून आलेली ही बुटकी बाई. बोलते हळू, चालते हळू. तरी सासूबाई बाजारातून आल्या की सोयाबीनचं गरम टेम्पे आधी हिच्या हातावर पडतं.

झऱ्याजवळचं शेत दोघींपैकी कोणाला द्यायचं, हे सासूबाईंनी मिरचीवर सोडलं. "जिची मिरची चांगली, तिचं शेत," म्हणाल्या. मला ते हवंच होतं. पाऊस थांबला की खांद्यावरून पाणी वाहून माझी मान मोडते.

शेळ्या माझ्याच जास्त. खांबांवर उचललेल्या फळ्यांच्या गोठ्याखाली साठलेल्या ताज्या लेंड्या आणि भाताचा पेंढा मी सरळ मातीत गाडला. आमच्याकडे खताला कच्चं आणि शिजलेलं म्हणतात, आणि ताज्या लेंडीला गरम. मला वाटलं, या गारठ्यात गरम तेच बरं, मुळांना ऊब मिळेल. वागियेमने मात्र लेंड्या, केळीच्या खांबाचे तुकडे, पालापाचोळा असे थर खड्ड्यात लावले आणि वर पोती झाकली. अधूनमधून ढीग उलथायची, कोपरापर्यंत हात घालून बघायची.

"अजून चटका बसतोय. थंड झालं की शिजलं."

"तुमच्या गावात चूल विझल्यावर भात शिजतो वाटतं?" मी विचारलं. ती नुसती हसली. त्या हसण्याने माझं डोकं उठलं.

माझी निम्मी रोपं करपली, उरलेली पिवळी पडली. तिची मिरच्यांनी वाकली. मग आली माझ्या बांधावर बसायला, थोरलीला म्हणतात तसं म्बाक म्हणत.

"म्बाक लास्मी, वाया नाही गेलं हो काही. पेंढा कुजताना मातीतला कस आधी तोच ओढतो, रोपांना उरत नाही. मुरू द्या. पुढच्या हंगामाला बघा कशी माती होते."

"तोवर झऱ्याचं शेत तुझ्या घशात! शहाणपण शिकवू नकोस."

झालंही तसंच. मिरची काढून झाल्यावरच्या जेवणाला शेजारीपाजारी भाताभोवती बसलेले असताना सासूबाईंनी तिचं नाव घेतलं. मी हातातला घास खाली ठेवला. तेवढ्यात ही सासूबाईंना म्हणते, "सिम्बोक, ते शेत म्बाकना द्या. पाणी वाहून त्यांचे हाल होतात. मला त्यांचा करपलेला वाफा चालेल."

सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. शेत मला, कौतुक तिला. तरी मी लगेच हो म्हटलं, न जाणो शब्द फिरवायची.

आता झऱ्याचं पाणी माझ्या पायाशी खळखळतं, पण इथली माती चिकट, मिरची बेताचीच. आणि माझ्या जुन्या वाफ्यात काळी भुसभुशीत माती, मूठभर उचलली तर चार गांडुळं, कंबरेएवढी झाडं. लेंड्या माझ्या शेळ्यांच्या, पेंढा माझा, मिरच्या तिच्या! बघवत नाही मला.

काल राहवलं नाही. "तुला सगळं ठाऊक होतं ना गं?"

"मग? सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं होतं, तेही माझ्याच बांधावर बसून. लबाडी केली असती, तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.