हात तेवढे माझे

नवरा गेल्यावर मी कोन गावाला माहेरी परत आले आणि उन्हाळ्यात मसाला करून विकू लागले. मिरच्या उन्हात कडक करायच्या, भाजायच्या, कुटून आणायच्या, सगळं मीच करायचे. पुढे धाकट्या भावाने कामोठ्यात गाळा घेतला, पाकिटांवर लेबल आलं आणि आमचा धंदा झाला. आमचा, असं मी तेव्हा म्हणायचे.

मोठ्या कंपन्यांपुढे आमच्या पाकिटांकडे कोण बघणार? भावाने वाशीहून पीआर करणारी एक बाई आणली. वर्तमानपत्रांत तिच्या ओळखी होत्या. तिचं म्हणणं, जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा विश्वास बसतो, फक्त सांगण्यासारखं काही हवं. मी तिला माझी हकीकत सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकून भावाकडे वळली.

"विधवा बहीण मसाला करते, अशा बातम्या खूप येऊन गेल्यात. तुमच्या मिसेस काय करायच्या?"

भावजयीने बाळंतपणानंतर आयटीतली नोकरी सोडली होती. झालं. रविवारच्या पुरवणीत आलं ते असं की, नोकरीवर पाणी सोडून सुनेने सासूबाईंच्या हातची चव जपली. आमच्या आईचा मसाला वेगळाच असायचा. आमच्या पाकिटातलं प्रमाण मी कितीतरी मिरच्या नासवून बसवलं होतं. भाऊ म्हणाला, पेपरपुरतंच आहे, घरात सगळ्यांना खरं माहीत आहे.

बातमी वाचून एका वाहिनीची माणसं शूटिंगला आली. मिरच्यांच्या धुराने भावजयीला असा ठसका लागला, की तिला कढईपाशी उभं राहवेना. कॅमेरावाला म्हणाला, नुसते हात घेऊ. पीआरवाल्या बाईने भावजयीच्या हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि माझ्या हातांत चढवल्या. नवरा गेल्यापासून माझे हात मोकळे होते. मला कुणी विचारलं नाही. मीही मिरच्या परतत राहिले, कारण थांबले असते तर करपल्या असत्या.

मागणी वाढली, भावजयीचे सत्कार झाले. सुरुवातीला बोलताना ती माझ्याकडे ओशाळून बघायची. नंतर बघेनाशी झाली. एकदा गाळ्यावर ती गिऱ्हाइकाला सांगत होती, भाजताना हात कसे पोळतात ते. मी तिथेच बसून पाकिटं भरत होते. ती खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवत होतं.

त्या संध्याकाळी मी भावाला म्हटलं, "माजा नाव तरी कुठं घाल."

तो म्हणाला, "आता बदललं तर आपण खोटे ठरू, ताई."

मी गाळ्यावर जाणं सोडलं. घरीच पुन्हा मसाला करायला लागले, तोच, त्याच प्रमाणाचा. गेल्या उन्हाळ्यात बेलपाड्यात बचतगटांच्या विक्रीला टेबल मांडलं. एका बाईने मसाला तळहातावर घेऊन हुंगला, चिमूटभर जिभेवर ठेवला. आवडला तिला. दोन पाकिटं घेतली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "छान आहे हो. पण कामोठ्यातल्या त्या ताईंची नक्कल केलीत ना?"

मी सुटे पैसे परत दिले. सांगून तिने मानलं नसतं. तिने छापलेलं वाचलं होतं.