बाथियाची फुली

वीसपैकी अकरा चित्रांपुढे फुली पडली, तेव्हा बाथिया बर्नीला पुन्हा एकटीने घरी राहू द्यायचं नाही, असं इस्पितळात जवळजवळ ठरलंच.

उत्तरेकडच्या बखन मुलखातल्या शेतांवर गाईंच्या धारा काढण्यात आणि सलगम खुरपण्यात जन्म गेलेली ही बाई. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. जीभ मात्र पंधरवड्यात ताळ्यावर आली, निदान तिच्या मते तरी. वाचेची तपासणी करणाऱ्या मिस हॅलिडेला तसं वाटेना. पोरगी सालस होती, पण दक्षिणेकडून नवीनच आलेली, आणि तिच्या कागदावर प्रत्येक चित्रापुढे एकच इंग्रजी शब्द छापलेला. टिटवीचं चित्र पाहून बाथिया म्हणाली, 'ट्यूखट'. शेपटीला चिमटा असलेल्या किड्याला 'फोर्कीटेल'. बुजगावण्याला 'टॅटीबूडी'. मिस हॅलिडेने शेरा लिहिला: शब्द हरवले आहेत, रुग्ण निरर्थक आवाज काढते.

भाची एल्मा वृद्धाश्रमाचा अर्ज पर्समध्ये घेऊनच आली.

"आत्या, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. रेडिओवरचं इंग्रजी रोज ऐकतेस ना, तसं बोल आणि सूट यातून."

"येतं मला तसं बोलता."

"मग घोडं अडलं कुठे?"

"सातव्या वर्षी बोलले होते. मास्तरांनी फळ्यावर हाच किडा काढला आणि मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. म्हणाले, याचं नीट नाव घेशील तेव्हाच बसशील. घेतलं मी. बसले." डाव्या हाताने ती पांघरुणाची सुरकुती काढत राहिली. "आता नाही बसायची."

"मग राहा आश्रमात! मी तुझ्या कोंबड्या कापून खाते."

"हात तर लावून बघ."

शुक्रवारी पुन्हा तपासणी झाली. तीच चित्रं, तीच उत्तरं, आणि पेन्सिल फुल्या मारत पुढे चाललेली. तेवढ्यात चहाची गाडी ढकलत जीन डथी आली. तिचं माहेर दूरच्या अँगस परगण्यातलं, पण इथे नांदून चाळीस वर्षं झालेली. ती बाथियाच्या खांद्यावरून डोकावली.

"फोर्कीटेल काय गं? हॉर्नीगोलख म्हणतात त्याला."

"तुझ्या माहेरी म्हणत असतील. तिथे शहाणं कोण आहे?"

"आणि ही पीझी. ट्यूखट नव्हे."

"नांगरटीत तिची अंडी चुकवत मी आयुष्य काढलं, जीन. तू कुठे पाहिलीस? किटलीत?"

"चाळीस वर्षं ऐकतेय हिची बडबड, तरी माझा शब्द मी सोडला नाही."

"तेवढीच एक अक्कल तुला."

मिस हॅलिडेची पेन्सिल हवेतच थांबली होती. "म्हणजे... हे खरे शब्द आहेत?"

"मग मी काय खोकत होते इतका वेळ?"

"पण कागदावर एकाच उत्तराला जागा आहे."

"पट्टी घे पोरी, आणि दुसरा रकाना आख. तिसराही आख, हिच्यासाठी. चुकीचं बोलते, पण बोलते तर खरी."

मिस हॅलिडेने खरंच पट्टी काढली. रेघा जराशा तिरप्या आल्या. दोघींना विचारत विचारत ती लिहीत गेली, आणि मग तिने विसावं चित्र समोर धरलं.

कंगवा. बाथिया बघत राहिली. तिचा डावा हात केसांपाशी गेला, वरून खाली फिरला आणि तिथेच थांबला. जीनने सांगायला तोंड उघडलं, तसा तोच हात तिला गप्प करायला वर आला. खिडकीबाहेर बार्लीच्या शेतात वारा होता. बाथियाने डोळे मिटून बराच वेळ शोधलं.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "हा गेला. माझाही गेला आणि तुझ्या कागदावरचाही. इथे मार फुली. पण फक्त इथे."

मिस हॅलिडेने ती फुली नीट, ठळक मारली. मग खोडरबर घेतलं आणि आधीच्या सगळ्या फुल्या एकेक करून पुसल्या. पहिल्या दिवशीचा शेराही खोडला. त्याखाली लिहिलं: एक शब्द हरवला आहे, कोणता ते रुग्णाला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि सोमवारी घरी सोडायची सही केली.