यल्लम्माच्या लॉरीचे दोन डायनमो

सकाळपासून बेंगळुरूच्या कलासीपाळ्यात धुकं आणि भुरभुर पाऊस. वायरमन खंडोजीमामा लॉरीच्या बॉनेटात कमरेपर्यंत वाकून दुसरा डायनमो कसत होता. साठ सालच्या आसपासची गोष्ट.

आमच्या आळीत यल्लम्माची पालखी फुलादिव्यांनी मढवलेल्या लॉरीवरून निघे. माणसाच्या चालीनं चालायची, दारोदार आरतीला थांबायची. इतक्या सावकाश चालणाऱ्या इंजिनावर डायनमो काय वीज देणार? बॅटरी बसायची आणि दिवे विझायचे. गेल्या साली नेमकी मामाच्याच दारात बसली. त्याची बायको चंद्राबाई ताट घेऊन अंधारात उभी. दिव्यांची सेवा मामाच्या बापापासूनची, पण पंच शिवाप्पानं बजावलं होतं, "औंदा विझले तर पुढच्या साली गॅसबत्त्या, अण्णा. मग तू नुस्ता हात जोडायला ये."

म्हणून हा दुसरा डायनमो. त्याला मामानं लहान पुली बसवली, म्हणजे इंजिन हळू असलं तरी तो गरगर फिरावा. दोन्हींच्या तारा एकाच बॅटरीला जोडल्या आणि लॉरी चालू केली. एक डायनमो राबायला लागला, दुसरा नुस्ता फिरत राहिला. मामानं पुन्हा पुन्हा तारा तपासल्या. तेच.

चंद्राबाई कॉफी घेऊन आली. "काय झालं?"

"एक काम करतोय, दुसरा आळशी."

"एका चुलीवर दोन जावा बसवल्या की असंच. माझी जाऊ नव्हती का? चूल वेगळी केली तवा कुठं भाकऱ्या थापायला लागली."

"तू आपली कॉफी दे गं," मामा म्हणाला. घोट घेतला, स्वल्प वेळ तारांकडं बघत बसला, आणि शेडमधून दुसरी बॅटरी ओढत आणली. जुना डायनमो लॉरीच्या बॅटरीला, नवा ह्या दुसऱ्या बॅटरीला, आणि तिच्यावर देवीचे दिवे.

संध्याकाळी लॉरी मामाच्या दारात थांबली. चंद्राबाईची आरती लांबली, बहुतेक मुद्दामच. दिवे जरा पिवळसर झाले. मामा बंपरला हात लावून उभा, ओठ गच्च मिटलेले. इंजिन घरघरत होतं. दिवे तसेच जळत राहिले.

"सरी अण्णा, ठीक झालं," शिवाप्पा प्रसाद घेत म्हणाला, "पुढच्या सालीही तूच."

लॉरी कोपऱ्यावरून वळली तसा चंद्राबाईनं आतून आवाज दिला, "नळाला पाणी आलंय."

मामानं कळशी उचलली आणि नळावरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.