तारामतीचा तिसरा चौकोन

तारामती ओव्हाळची आठवण निघाली की मला आधी कॉलेजातलं टेबल टेनिसचं टेबल दिसतं.

त्र्याऐंशी साली आम्ही दोघी उस्मानाबादला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ती बेंबळीहून रोज एस.टी.नं यायची, मी तिथलीच. त्या वर्षी समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचं संमेलन आमच्या कॉलेजात भरणार होतं. निबंध प्राध्यापक वाचणार. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातला एखादा विषय अभ्यासून त्याचं पोस्टर व्हरांड्यात लावायचं, असं ठरलं. एवढा मोठा कागद पसरायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही ते टेबल धरलं. बॅट घेऊन ताटकळणारी पोरं कुरकुरायची. तारामती मान वर न करता म्हणायची, "थांबा की जरा. शाई ओली हाय."

तिचा विषय होता बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या बायका. तिची आई सिताबाई तिथं माती वाहायची आणि लहानगी तारामती बांधाच्या कडेला बसून असायची. मजुरी, कामावर खायला मिळणारी सुकडी, मुकादमाची ओरड, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण आईला प्रश्न विचारायला बसली, तर सिताबाई बोलत राहिली ती पाण्याबद्दल.

कामावर सुरुवातीला दोन रांजण होते. बौद्धवाड्यातल्या बायकांचा, म्हणजे सिताबाईचाही, रांजण वेगळा, आणि त्यातलं पाणीसुद्धा पाणक्या त्यांच्या ओंजळीत वरून ओतायचा. भर उन्हाळ्यात एक रांजण तडकला, दुसराही पुरेना. मग टँकरचं पाणी एकाच लोखंडी पिंपात यायला लागलं. पहिल्या दिवशी बायका पिंपाभोवती नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी धनगरांच्या केशरबाई पुढं झाल्या. त्यांनी तांब्या बुडवला, आधी सिताबाईच्या हातात दिला आणि तिचं पिऊन झाल्यावर त्याच तांब्यानं स्वतः प्यायल्या. काम संपेपर्यंत मग सगळ्याजणी त्याच पिंपातलं पाणी प्यायल्या. पुढं पाऊस झाला, तलाव भरला, काम थांबलं. गावात पाणवठे पुन्हा वेगळे ते वेगळेच.

तारामतीनं कागदावर तीन चौकोन आखले. पहिल्यात दोन रांजण, दुसऱ्यात पिंपाभोवतीच्या बायका, तिसऱ्यात गावातले दोन वेगळे पाणवठे. चित्रं ती काढायची. "अक्षरं अयोध्या काढंल," म्हणून लिहायचं काम माझ्याकडं होतं.

आमच्या सरांनी ते पाहिलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "दुसऱ्या चौकोनावर थांबलं तर नाही का चालणार? बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. चांगलं बघून जाऊ देत."

"मग अर्धंच सांगितल्यासारखं होईल, सर."

"ते खरं. पण केशरबाईंचं नाव घालतेयस. त्यांना विचारलंस?"

तिनं विचारलं नव्हतं. रविवारी मी बेंबळीला गेले आणि आम्ही दोघी केशरबाईंकडं गेलो. केशरबाई अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या. तारामतीनं गुंडाळी उलगडून सगळं समजावलं. तिसऱ्या चौकोनाशी तिचा आवाज बारीक झाला. "काकू, तुम्हाला वाईट वाटत असंल तर न्हाय ठेवत."

केशरबाई लोकर बाजूला सारून म्हणाल्या, "घडलंय ते खोडायला म्या कोण? कामावर आमच्यावर कुणाचा डोळा नव्हता, पोरी. गावात सासू होती, भावकी होती. म्या भ्याले. काढ तू. माझं नाव बी घाल."

मला एस.टी.वर सोडायला आली तेव्हा तारामती रस्त्याकडं तोंड करून उभी होती. रडत होती की काय, मी विचारलं नाही.

संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांनी व्हरांड्यातून एक फेरी मारली आणि जेवायला गेले. बक्षीस दुसऱ्याच एका पोस्टरला मिळालं. मी हिरमुसले. दुपारी सिताबाई आणि केशरबाई एकाच गाडीनं आल्या. दोघींनाही वाचता येत नव्हतं, म्हणून तारामतीनं सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. केशरबाईंनी चित्रातल्या स्वतःवर बोट ठेवलं.

"मला एवढी वाळकी का काढलीस गं?"

"दुष्काळ होता की, काकू!"

तिघी इतक्या हसल्या की सर वर्गातून बाहेर आले. मग तेही तिथंच उभे राहिले आणि केशरबाईंकडून सगळी हकिगत त्यांनी पुन्हा ऐकली.

ते पोस्टर केशरबाई मागून घेऊन गेल्या. बेंबळीतल्या दूध सोसायटीत तेव्हा त्या पंच होत्या. सकाळी दूध घालायला सगळा गाव येई, तिथंच भिंतीवर त्यांनी ते लावलं. काहींनी कुरबुर केली, चेअरमननं काढायला सांगितलं. "मला पंचातनं काढा, मग त्याला काढा," असं म्हणून त्या ऐकेनात. भिंतीला चुना लावेपर्यंत, म्हणजे चारपाच वर्षं, ते तिथं होतं. त्यानं गाव बदललं असं तारामती कधी म्हणाली नाही. लोक दुधाच्या रांगेत उभं राहून वाचायचे, एवढंच सांगायची.

पुढं ती आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शाळेत शिक्षिका झाली, तिथंच रमली. तिची मुलं दरवर्षी आपापल्या गावचा एक तक्ता करायची. परवा फोनवर मी विचारलं, आपलं ते पोस्टर जपून ठेवायला हवं होतं, नाही का?

"कशाला? कागदच तो," ती म्हणाली. "पण अयोध्या, तुझं अक्षर लई सुंदर होतं बघ."

आता वयानं माझा हात थरथरतो. फोन ठेवल्यावर मी उगाच एका कोऱ्या कागदावर तिचं नाव काढून बघितलं.