धुतलेल्या यकृताचा माणूस

थोंगदामने भातगिरणीत उभी हयात पोती उचलली. अर्धवट काम त्याला खपत नसे. कच्च्या माशाची कोय-प्लाही तो तशीच करी. ईशान्य थायलंडमधल्या 'ची' नावाच्या नदीचे लहान पांढरे मासे, चिंचेच्या लाकडाचा ओंडका, दोन्ही हातांत सुऱ्या. मांस लोण्यासारखं होईपर्यंत हात थांबायचे नाहीत. वर लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड. विस्तव कुठेच नाही. लिंबाने मासा शिजतो आणि उरलंसुरलं तांदळाची दारू मारते, यावर गावातल्या पुरुषांचं एकमत होतं. बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

कच्च्या माशाने यकृतात कृमी होतात, हे थोंगदामला ठाऊक होतं. म्हणून तो दर वर्षी आरोग्य केंद्रातून गोळ्या घेई आणि येताना बाजारातून मासे. आपल्याइतकं धुतलेलं यकृत गावात कुणाचं नाही, असं तो सांगे.

या खेपेला केंद्रातल्या विलावन नर्सने त्याची सोनोग्राफी करवली.

"काका, पित्तनळ्या जाड झाल्यात."

"कृमी असतील. दे गोळ्या."

"कृमी मरतील हो. पण हे एकट्या कृमींचं काम नाही. तुमच्या शरीराचंही आहे."

"त्याने तर कधी तक्रार केली नाही."

"कृमी करू देत नाहीत. 'शांत राहा' असे निरोप ते वाढवतात. तरी पेशी एकमेकींना कळवतच असतात, इथं जखम आहे, सूज आणा, डागडुजी करा. गोळीने कृमी मेले की त्यांचे तुकडे सुटतात, निरोपांचा गलका आणखी वाढतो. तो निवतो न निवतो तोच तुम्ही नवे कृमी खाऊन येता."

"म्हणजे गवंडी लिंपतोय आणि मी मागून फोडतोय?"

"दर वर्षी. लिंपून लिंपून नळ्या अरुंद झाल्या. कर्करोग अजून दिसत नाही. असंच चाललं तर होऊ शकतो."

त्या रोगाने पिवळा पडलेला शेजारी थोंगदामने पाहिला होता. भीती वाटलीच. पण त्या गवंड्याच्या दर वर्षी फुकट गेलेल्या मेहनतीचा राग त्याहून मोठा होता.

कापणी संपली तशी मित्रमंडळी त्याच्या अंगणात जमली. काम्फोनने मासे आणि बाटली आणली. थोंगदामने नेहमीसारखा मासा बारीक केला आणि चुलीवर कढई ठेवली.

"अरे, अरे! डोकं फिरलं का तुझं?" काम्फोन ओरडला.

"नळ्या जाड झाल्यात."

"मग गोळी घे की! उद्या आम्ही सगळेच येतो तुझ्यासोबत."

"त्या नर्सबाईला तरी काम नको का?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

थोंगदामने मासा कढईत टाकला. काम्फोनने एक घास चाखून थुंकला. "हे आजाऱ्याला घाल," म्हणत तो उरलेले मासे आणि बाटली घेऊन पलीकडच्या घरी गेला. पाठोपाठ सगळे.

थोड्या वेळाने तिकडून सुऱ्यांचा आवाज आला. बोथट होत्या, ठेकाही चुकत होता. मांस जाडंभरडं राहणार. थोंगदामचे हात शिवशिवले. तो उठला, कुंपणापर्यंत गेला.

"ये रे दादा, तुझ्याशिवाय जमत नाही!" काम्फोनची हाक आली.

तो परत फिरला आणि कढईपाशी बसला. मासा खरंच बेचव झाला होता. सगळा संपवूनच तो उठला.